काळ्या मातीत पाया, राखेच्या विटा

दिवाळी आठ-पंधरा दिवसांवर आली की घरोघर रंगाचे डबे उघडतात. कपाटे भिंतीपासून ओढली जातात, कॅलेंडरे आणि तसबिरी खाली उतरतात, आणि ज्या भिंतींकडे वर्षभर आपले लक्षही गेलेले नसते, त्यांची व आपली एकदाची समोरासमोर गाठ पडते. नागपूरच्या उत्तरेस कोराडीला आमच्या ताईचे घर आहे. तेथे अशाच एका दिवाळीत, दिवाणखान्याच्या खिडकीच्या कोपऱ्यातून जमिनीकडे तिरपी उतरत गेलेली एक रेघ दिसली. रंगाऱ्याने ती खरवडली, लांबी भरली, वर रंगाचे दोन हात दिले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी भिंत नव्या नवरीसारखी दिसत होती. पुढच्या दिवाळीत कपाट सरकवले, तो रेघ जागच्या जागी! आता तर तिच्यात पोस्टकार्डाची कड शिरत होती.

भाऊजींनी हे घर बांधले ते निवृत्तीनंतर. भविष्यनिर्वाह निधी आला तसा विटा-सिमेंटात गेला. पुन्हा एकदा घर बांधण्याइतके आयुष्यही नाही आणि पैसाही नाही, अशा वयातल्या माणसाला भिंतीवरची रेघ काय दिसत असेल, हे सांगायला नको. येणारा-जाणारा मत देऊन जाई. कोणी म्हणे, विटा हलक्या लागल्या. कोणी म्हणे, सिमेंट मारले. एकाने तर दिशाच चुकली म्हणून सांगितले. शेवटी ओळखीतून एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी दिवाणखान्यातली रेघ जेमतेम पाहिली आणि ते सरळ घराबाहेर गेले. त्या खिडकीला बाहेरून कूलर बसवलेला होता. त्याचे पाणी दोन उन्हाळे थेंबथेंब भिंतीच्या बुडाशी गळत होते. भोवतालची जमीन भेगाळून पडलेली असायची, आणि तेवढाच एक कोपरा मात्र भर मे महिन्यात हिरवागार.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "भेग भिताडाले नाही पडली जी, मातीले पडली. भिताड तं फक्त सांगून राह्यलं!"

त्या एका वाक्यात घरबांधणीचे अर्धे शास्त्र आहे. आपण घर बांधतो तेव्हा पैसा दिसेल तेथे घालतो. फरशी कोणती, दिवे कोणते, फाटक कसे, यावर महिनामहिना चर्चा चालते. घर टिकते ते मात्र न दिसणाऱ्या जागी: पायाखाली, जोत्याभोवती आणि छताच्या वर. कोराडीसारख्या ठिकाणी घर बांधणाऱ्याला, किंवा बांधलेले घर सांभाळणाऱ्याला, या तीन जागांची ओळख असलीच पाहिजे.

प्लॉट पाहताना

नागपूरहून सावनेर-छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले की कोराडी येते. एकीकडे जगदंबेचे देवस्थान, दुसरीकडे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. वीज केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. पुढे बहुतेक जुने छोटे संच बंद झाले आणि ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच उभे राहिले. गाव वाढले, नागपूर शहर त्याच्या दिशेने सरकत आले, आणि शेतांचे ले-आउट पडले. पांढऱ्या चुन्याने आखलेले चौकोन पाहून माणूस हरखून जातो. पण त्या चुन्याच्या रेघांखाली काय आहे, हे किती जण विचारतात?

या भागात जमीन पावलोपावली बदलते. नागपूरच्या पश्चिमेस दख्खनचा काळा पाषाण आहे, पूर्वेस त्याहून कितीतरी जुने खडक आहेत, आणि उत्तरेस कामठीच्या बाजूला वालुकाश्म आहे. या वालुकाश्माच्या थराला भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत कामठीचेच नाव मिळाले आहे. त्यांच्यावर कोठे हातभर मुरूम, तर कोठे पुरुषभर काळी माती. म्हणून शेजाऱ्याने तीन फुटांवर पाया घेतला, आपणही तीन फुटांवर घेऊ, हा हिशेब येथे चालत नाही. प्लॉटच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत आणि मध्ये एक, असे निदान तीन खड्डे मुरूम लागेपर्यंत खणून पाहावेत. मजुराची दोन दिवसांची मजुरी जाते, पण घराची पत्रिका हाती येते. प्रत्यक्ष बांधकामाच्या आधी मातीची रीतसर तपासणी करून घ्यावी हे उत्तमच.

दुसरा प्रश्न भरावाचा. सखल जागा भरून सपाट केलेले प्लॉट दिसायला सुरेख असतात. भराव मुरुमाचा आहे, मलब्याचा आहे की राखेचा, तो थराथराने पाणी मारून दाबला की ट्रक रिकामे करून नुसता पसरला, हे विचारावे. सैल भराव पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात बसतो, आणि त्याच्यावरची फरशीही त्याच्याबरोबर बसते. पाया भरावावर कधी टेकवू नये. तो भराव ओलांडून मूळच्या पक्क्या जमिनीपर्यंत गेला पाहिजे.

तिसरा प्रश्न वरच्या अंगाला काय आहे हा. जवळ नाला कोठे, पावसाचा लोट कोणीकडून येतो, उंचावर पाणी किंवा राख साठवलेली आहे काय, हे गावातल्या जुन्या शेतकऱ्याला विचारावे. २०२२ च्या जुलैत अतिवृष्टीत कोराडी केंद्राच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि राखेचे पाणी आसपासच्या शेतांत शिरले, ही गोष्ट या भागातले लोक विसरलेले नाहीत. प्लॉट उन्हाळ्यात पाहावा, पण सौदा पावसाळा पाहून करावा.

दोन ग्लासांचा प्रयोग

काळ्या मातीचा स्वभाव समजून घेण्यासाठी इंजिनियर व्हावे लागत नाही. गृहिणींनी घरीच एक प्रयोग करून पाहावा. प्लॉटमधली माती वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळा. काचेचे दोन सारखे ग्लास घेऊन प्रत्येकात त्या मातीचे दोन-दोन चमचे टाका. एकात पाणी भरा, दुसऱ्यात रॉकेल. काडीने ढवळून दिवसभर व रात्रभर तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी पाहाल तर रॉकेलमधली माती होती तेवढीच आहे, आणि पाण्यातली फुगून वर आली आहे. जितका फरक अधिक, तितकी माती घराला अधिक त्रास देणारी. प्रयोगशाळेतही मातीचा फुगीरपणा याच तत्त्वावर मोजतात. तेथे मोजमापाच्या नळ्या असतात, आपल्याकडे ग्लास, एवढाच काय तो फरक. रॉकेल मिळणे आता कठीण झाले आहे, तेव्हा दुकानातून थोडेसे मागून आणावे लागेल. ते विस्तवापासून दूर ठेवावे आणि तो ग्लास पुन्हा पिण्यासाठी वापरू नये.

असे का होते? या मातीचे कण म्हणजे पोथीच्या पानांसारखे पातळ पापुद्रे. पाणी त्या पानांच्या मध्ये शिरते आणि पोथी फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जाते, पोथी मिटते, आणि जमिनीला हातभर काठी आत जाईल अशा भेगा पडतात. हीच माती पाणी धरून ठेवते म्हणून विदर्भाचा कापूस पिकतो. कपाशीला जे वरदान, तेच घराला संकट. शेतकऱ्याला मातीचे हे फुगणे-आटणे ठाऊक असते. म्हणून जुनी घरे हलकी असत: लाकडाचा सांगाडा, मातीच्या भिंती, वर कवेलू. जमीन जराशी हलली तर घरही जरासे हलून घेई, आणि भेग पडलीच तर सारवणात बुजून जाई. आपले सिमेंटचे घर ताठ आहे. त्याला वाकता येत नाही, म्हणून ते तडकते.

पाया : जेथे काटकसर करू नये

काळी माती उथळ असेल, म्हणजे चार-पाच फुटांखाली घट्ट मुरूम लागत असेल, तर सोपा मार्ग एकच. ती सगळी माती काढून पाया मुरुमात न्यावा. खड्डा परत भरताना निघालेली काळी माती पुन्हा आत लोटू नये. कंत्राटदाराला ते सोयीचे असते, कारण माती जवळच पडलेली असते व ती उचलून न्यायला गाडी लागते. पण जोत्याच्या आत तीच माती भरली तर पाया शाबूत राहूनही फरशी उचलते. आत मुरूमच भरावा, आणि तो सहा-सहा इंचांच्या थराने पाणी मारून धुमसाने ठोकावा.

माती खोल असेल तर गोष्ट वेगळी. ऋतूप्रमाणे ओले-कोरडे होण्याचा परिणाम खोल काळ्या मातीत साधारण साडेतीन मीटरपर्यंत पोचतो. त्याच्या खाली माती बारा महिने सारखीच असते. या स्थिर थराला घराचे ओझे देण्यासाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने एक युक्ती रूढ केली. जमिनीत गोल भोक पाडायचे, तळाशी ते कंदासारखे रुंद करायचे, आणि सळ्या घालून काँक्रीट भरायचे. कंदाचा व्यास खांबाच्या साधारण अडीचपट असतो. रताळे जसे जमिनीत घट्ट रुतून बसते, तसा हा खांब बसतो. वरची माती फुगून त्याला उचलू पाहते, पण खालचा कंद त्याला सोडत नाही. अशा खांबांवर जी तुळई टाकतात, तिच्या खाली सुमारे तीन इंच मोकळी जागा ठेवावी लागते. ती ठेवली नाही तर फुगलेली माती तुळईलाच खालून ढुशी देते. ही पोकळी कामगारांना निरुपयोगी वाटते व ते ती माती घालून बंद करतात. त्या दिवशी मालकाने स्वतः जागेवर उभे राहावे.

तिसरा एक उपाय मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्रा. आर. के. कट्टी यांनी संशोधनाने पुढे आणला. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट अशा मुरमाड मातीचा सुमारे मीटरभर जाडीचा थर नीट दाबून बसवायचा, म्हणजे खालच्या मातीचा फुगवटा बराच आवरला जातो. कालव्यांच्या कामांत तो वापरला गेला. घराच्या फरशीखाली, आवारात व गॅरेजखालीही तो उपयोगी आहे. यांतला कोणता उपाय आपल्या प्लॉटला लागू पडतो, हे मात्र इंजिनियरकडूनच ठरवून घ्यावे, शेजाऱ्याकडून नव्हे.

एक बारकी पण महत्त्वाची सूचना. पायाचे खोदकाम दिवाळीनंतर काढावे आणि खड्डा उघडा ठेवून लग्नाला गावी जाऊ नये. उघड्या खड्ड्याची माती उन्हाने आटते, मग काँक्रीटच्या व पुढे पावसाच्या पाण्याने फुगते. आज खोदला, उद्या तळाचे काँक्रीट टाकले, असे काम हवे.

घराभोवतीचे पाणी

आता आमच्या भाऊजींच्या कूलरकडे वळू. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, काळी माती सगळीकडे सारखी ओली झाली तर घर फारसे बिघडत नाही. सगळीकडे सारखी कोरडी झाली तरी नाही. एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा झाला की बिघडते. घराचा एक पाय वर उचलला जातो, बाकीचे जागेवर राहतात. म्हणून घर झाल्यावर मालकाचे काम एकच: जोत्याभोवतीचा ओलावा सगळीकडे सारखा राखणे.

नागपूरकराचा उन्हाळा कूलरवाचून जात नाही, आणि जाऊही नये. पण कूलरच्या टाकीचे वाहून जाणारे पाणी नळीने दूर, झाडाच्या आळ्यात किंवा नालीत सोडावे. गच्चीच्या पन्हळीचा पाइप जोत्याशी तुटका सोडू नये. तो पक्क्या नालीत किंवा, पुनर्भरणासाठी असेल तर, घरापासून चांगल्या अंतरावरच्या खड्ड्यात न्यावा. धुण्याचा दगड, बाहेरचा नळ, बादली विसळण्याची जागा, हे सगळे भिंतीला लागूनच करण्याची आपली रीत आहे. ती या मातीत महाग पडते. भिंतीला चिकटून फुलझाडांचा वाफा आणि रोज संध्याकाळी त्याला पाणी, हाही तसाच लाडका शत्रू. जास्वंद आणि मोगरा कुंड्यांत लावावा. वाफा हवाच असेल तर तो कुंपणाच्या बाजूला न्यावा.

घराच्या चारी बाजूंनी निदान तीन फूट रुंदीचा पक्का पट्टा करावा. त्याचा उतार बाहेर हवा. भिंत आणि पट्टा यांच्या मधला सांधा डांबराने किंवा तत्सम लवचिक मसाल्याने भरावा व दरवर्षी पाहावा. हा पट्टा म्हणजे घराची छत्री. छत्री डोक्यावर धरतात, ही पायाशी धरायची.

झाडाबद्दल थोडे. पश्चिमेच्या उन्हाला कडुनिंबासारखी सावली नाही. पण मोठे झाड उन्हाळ्यात मुळांनी आजूबाजूच्या मातीतले पाणी ओढून घेते आणि त्या बाजूची जमीन खचते. झाड वाढून जितके उंच होईल, तितके ते घरापासून दूर असावे, असा ढोबळ नियम आहे. प्लॉट लहान असेल तर नियम पाळणे अवघड जाते. मग निंब-पिंपळ रस्त्याच्या कडेला लावावेत, आणि पश्चिमेच्या भिंतीपुढे मांडव घालून कुंडीतला वेल चढवावा. घराजवळ आधीपासून असलेले जुने झाड मात्र एकदम तोडू नये. त्याची मुळे पाणी ओढायची थांबली की तीच माती फुगू लागते.

चिमणीतून आलेली वीट

कोराडीला घर बांधायचे आणि राखेच्या विटांचा विषय काढायचा नाही, असे होणार नाही. दगडी कोळशाची पूड जाळून वीज होते. आपल्या देशातल्या कोळशात राख फार: शंभर किलो कोळसा जाळावा तर साधारण तीस ते चाळीस किलो राख उरते. तिच्यातला बारीक भाग धुराबरोबर उडू पाहतो. चिमणीच्या आधी विजेच्या यंत्रांनी त्याला पकडतात. ही उडती राख पडून राहिली तर उपद्रव, कामाला लावली तर सोने. तिचा वापर वाढावा म्हणून केंद्र सरकारने १९९९ साली नियम केले, आणि २०२१ च्या डिसेंबरात ते नव्याने काढले. मातीच्या विटांसाठी शेताची वरची कसदार माती खरवडली जाते, ती वाचावी हाही त्यामागचा एक हेतू आहे.

"राखेची वीट! तिच्यावर घर कसे उभे राहील?" असे आमच्या आईने विचारले होते. तिला आजोबांच्या वाड्याची आठवण दिली. त्या वाड्याच्या चुन्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घातलेली होती. भाजलेल्या मातीची बारीक पूड चुना व पाण्याबरोबर मुरली की दगडासारखी घट्ट होते, हे आपल्या गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. रोमन लोकांनी इटलीत ज्वालामुखीच्या राखेने हेच केले. कोळशाची राखही त्याच जातीची. वीट करताना तिच्यात वाळू किंवा दगडाची चुरी, आणि चुना-जिप्सम किंवा सिमेंट मिसळून यंत्रात दाबतात. ती भट्टीत भाजत नाहीत, पाण्याने मुरवतात. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा सिमेंटच्या पोत्यांतही, प्रमाणाप्रमाणे, शंभरात पंधरा ते पस्तीस भाग अशीच राख असते. तेव्हा आईचे घर राखेपासून तसेही वाचणार नव्हते!

पण वीट राखेची असली म्हणून चांगलीच असते असे नाही. चांगल्या-वाइटाची परीक्षा घरच्या घरी होते. दोन विटा एकमेकींवर वाजवाव्यात, खणखणीत आवाज आला पाहिजे. खिळ्याने ओरखडा काढावा, पूड पडता कामा नये. कमरेच्या उंचीवरून घट्ट जमिनीवर टाकावी, तुकडे होऊ नयेत. मग एक वीट चांगली वाळवून वजन करावी, चोवीस तास पाण्यात ठेवावी, पुसून पुन्हा वजन करावी. वजन शंभरात विसांहून अधिक वाढू नये. म्हणजे तीन किलोच्या विटेने सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायला नको. आणि सर्वांत महत्त्वाचे, वीट कोणत्या तारखेची आहे ते विचारावे. पाच-सहा दिवसांची कोवळी वीट भिंतीत गेली की ती तेथे वाळते, आकसते, आणि गिलाव्यावर जाळीदार तडे उमटतात. चार आठवडे मुरलेलीच वीट घ्यावी.

मातीच्या विटा लावण्याआधी हौदात बुडवतात. राखेच्या विटांवर मात्र फक्त पाणी शिंपडावे. त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून सांधे अर्धा इंच खोल कोरून ठेवावेत आणि गिलाव्याच्या आधी सिमेंट-वाळूचा पातळ खरबरीत शिंतोडा मारावा. काँक्रीटचा खांब आणि विटांची भिंत जेथे मिळतात, तेथे बारीक तारेची जाळी ठोकून मगच गिलावा करावा. या जाळीचा खर्च एवढासा असतो, पण ती नसली तर दरवर्षी त्याच सरळ उभ्या रेघेवर लांबीचे पैसे जातात.

राखेच्या सिमेंटला पाणी अधिक दिवस लागते. ती राख हळूहळू पक्की होते. नागपूरच्या उन्हात तर निदान दहा दिवस, आणि शक्य तर चौदा, काँक्रीट ओले राहिले पाहिजे. छतावर मातीची आळी घालून पाणी साठवावे, खांबांना ओले बारदान गुंडाळावे. स्लॅब टाकायचा तो पहाटे सुरू करावा.

डोक्यावरचा तवा

नागपूरला २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवशी सपाट काँक्रीटची गच्ची म्हणजे तवाच. ती दिवसभर तापते आणि रात्री बारापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहते. पंखा लावला तर तो गरम हवाच फिरवतो. उपाय साधा आहे. गच्चीच्या अगदी वरचा थर पांढरा असावा. पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीचे तुकडे बसवून घेतले तर पाणीही आवरते आणि ऊनही परत फिरते. तेवढा खर्च नको असेल, तर दर एप्रिलच्या आरंभी गच्ची धुऊन कळीच्या चुन्याचे, थोडा डिंक घालून, दोन हात द्यावेत. चुना विरवताना तो उकळतो आणि डोळ्यांना अपाय करतो, तेव्हा मुलांना दूर ठेवावे व चष्मा घालावा. पावसाळ्यात चुना बराचसा धुऊन जातो, म्हणून हे काम दरवर्षीचे. पंचांग बदलतो तसा गच्चीचा चुनाही बदलायचा.

गच्चीचा उतार शंभर फुटांस एक फूट याहून कमी नसावा, आणि पन्हळीची तोंडे मृगाच्या आधी मोकळी करावीत. गच्चीवरचे साचलेले पाणी शेवटी भिंतीतून पायाशीच उतरते.

रेघ वाचायला शिका

प्रत्येक रेघेला घाबरण्याचे कारण नाही. गिलाव्यावरची कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी ही वाळण्याची खूण आहे. छताच्या खाली आडवी गेलेली रेघ बहुधा उन्हाने तापणाऱ्या स्लॅबची. खांबालगतची उभी रेघ दोन वेगळ्या वस्तूंच्या सांध्याची. पण खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली, एका टोकाला रुंद असलेली, आणि भिंतीच्या आत-बाहेर दोन्हीकडे दिसणारी रेघ मात्र पायाची गोष्ट सांगते. तिच्यावर लांबी भरणे म्हणजे ताप मोजण्याऐवजी थर्मामीटर कपाटात ठेवणे.

तिची नाडी अशी पाहावी. काचेची बोटभर रुंदीची पातळ पट्टी रेघेच्या आडवी ठेवून दोन्ही टोके प्लास्टर ऑफ पॅरिसने भिंतीला चिकटवावीत आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहावी. रेघ हलती असेल तर काच तडकते. शिवाय रेघेच्या दोन बाजूंना दोन फुल्या करून त्यांतले अंतर मे महिन्याच्या अखेरीस आणि सप्टेंबरात मोजावे. वर्षभराची नोंद हातात असली म्हणजे इंजिनियरचेही काम सोपे होते, आणि कंत्राटदाराशी बोलतानाही आपली बाजू भक्कम राहते. रेघ रुंदावतच चालली, तीत पेन्सिल शिरू लागली, किंवा त्याच बाजूचे दार चौकटीत अडकू लागले, तर मात्र थांबू नये.

कोराडीची जगदंबा दिवसातून तीन रूपे धारण करते, असे भाविक सांगतात: सकाळी बालिका, दुपारी तरुणी, सायंकाळी वृद्धा. घराचीही तशीच तीन रूपे असतात. उन्हाळ्यातले आटलेले, पावसाळ्यातले फुगलेले आणि हिवाळ्यातले निवांत. आपण त्याला फक्त दिवाळीत, रंगाऱ्याबरोबर पाहतो. मे अखेरीस एकदा, भर श्रावणात एकदा आणि दिवाळीच्या सफाईत एकदा, अशी वर्षातून तीनदा घराभोवती प्रदक्षिणा घालावी. भिंतीकडे पाहावे, आणि तिच्या पायाशी वाकूनही पाहावे.

ताईच्या घरी कूलरला नळी लागली, खिडकीखाली पक्का पट्टा झाला, जोत्याजवळचा नळ कुंपणाशी गेला. रेघेवर काचेची पट्टी लावली. ती एक उन्हाळा आणि एक पावसाळा तशीच राहिली. आता यंदा रंगारी आला तेव्हा तो ती काढायला धावला. भाऊजी म्हणाले, "राहू दे रे बाबा ती. एवढी एक जागा सोडून बाकी सगळे रंगव."

दिवाणखाना यंदा फिकट पिवळा झाला आहे. त्यात खिडकीखाली हातभर जुना रंग, एक काचेची पट्टी आणि पेन्सिलीने लिहिलेली तारीख. पाहुणे विचारतात, हे काय? ताई त्यांना आधी फराळाचे ताट देते, आणि मग भाऊजी त्यांना घराच्या बाहेर, कूलर दाखवायला घेऊन जातात.